बॅजवरची पदवी खरी आहे का? नागपुरातल्या सिस्टर-ब्रदरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोमवारी सकाळी धंतोली किंवा रामदासपेठेतल्या कोणत्याही हॉस्पिटलच्या ऑफिसबाहेर नर्सच्या नोकरीसाठी प्लास्टिकची फाईल छातीशी धरून बसलेल्या मुली दिसतात. कुणी गोंदियाची, कुणी गडचिरोलीची, कुणी बालाघाट-छिंदवाड्याहून पहाटेची गाडी धरून आलेली. बावीस वर्षं मी वॉर्डात काढली, स्टाफ नर्स ते इन्चार्ज. त्यानंतरची नऊ वर्षं त्या फायली उघडण्याच्या टेबलावर गेली. निवृत्त झाले तरी फोन येतातच, कधी नव्या मुलीचा, कधी एखाद्या छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा, कधी पेशंटच्या मुलाचा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

माझं पोस्ट बेसिक बीएस्सी अजून चालू आहे. नावापुढे आत्ताच लिहिलं तर काय बिघडलं?

एका मुलीने हा प्रश्न मला अगदी निरागसपणे विचारला होता: "मॅडम, शिकून तर राहिली न मी, मग लिहिलं तर काय झालं?" वाईट हेतू तिच्या मनात नव्हता, हे मला दिसत होतं. पण वर्गात बसल्याने कुणी पदवीधर होत नाही. विद्यापीठ निकाल लावतं, पदवी देतं, मग कौन्सिलकडे, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे, ती वाढीव पात्रता म्हणून नोंदवायची असते. त्याआधी बायोडाटात लिहायचं ते एवढंच: "पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, द्वितीय वर्ष, शिकत आहे." एखादा विषय राहिला असेल तर तेही लिहा. एक विषय राहिलेल्या मुलीला मी अनेकदा घेतलं आहे. तो विषय लपवणाऱ्या मुलीला ठेवता आलं नाही.

माझ्या जुन्या नोकरीतलीच गोष्ट. आमच्याकडच्या एका हुशार सिस्टरचा शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिला होता. ऑफिसातल्या कुणीतरी बॅज छापताना "बीएस्सी" छापलं आणि ती गप्प राहिली. पुढच्या महिन्यात पगार त्या हिशेबाने आला, तेव्हाही ती गप्पच. मग तिला नव्या मुलींना शिकवायला लावलं. तीन वर्षांनी तपासणीच्या आधी आम्ही सगळ्यांच्या पदव्या मागवल्या, तेव्हा ती माझ्या केबिनमध्ये येऊन खुर्चीवर न बसता उभ्या उभ्या रडली. पहिल्या दिवशी "बॅज चुकलाय" एवढे दोन शब्द बोलली असती तर तो विषय तिथेच संपला असता. तिला जावं लागलं. तिच्याकडे तीन वर्षं कागद न मागणारे आम्हीही त्यात दोषी होतो, असं मी आजही मानते.

एएनएम, जीएनएम, बीएस्सी… नेमकं काय लिहायचं?

जे केलं ते. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स, दोन वर्षांचा, माता-बाल आरोग्य आणि गावपातळीवरच्या कामावर भर असलेला. जीएनएम, म्हणजे सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतीचा डिप्लोमा, आता तीन वर्षांचा, आधी साडेतीनचा होता. बेसिक बीएस्सी चार वर्षांचं, जीएनएमनंतरचं पोस्ट बेसिक दोन वर्षांचं आणि एमएस्सी त्यापुढे दोन वर्षांचं. बेसिक आणि पोस्ट बेसिक या दोन वेगळ्या पदव्या आहेत, त्या एकत्र करून नुसतं "बीएस्सी" लिहू नका. पोस्ट बेसिक झालेल्या मुलींना ते लिहायला उगाच कमीपणा वाटतो. मला तर जीएनएम करून, नोकरी करून, पुन्हा वर्गात बसलेल्या बाईचा जास्त आदर वाटतो.

पाच दिवसांची कार्यशाळा करून "क्रिटिकल केअर स्पेशालिस्ट" लिहिणंही यातच येतं. कार्यशाळेचं नाव आणि तारीख लिहा, तेवढं पुरे. बीएलएसच्या, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाच्या, कार्डाची मुदत दोन वर्षांची असते. संपलेल्या कार्डावरची तारीख मोबाइलच्या ॲपमध्ये बदलून आणलेली मी दोनदा पकडली आहे. दोन्ही मुलींना सीपीआर उत्तम येत होता.

कागद खरा आहे की खोटा, हे कसं ओळखायचं?

हॉस्पिटलवाले हा प्रश्न सर्वांत जास्त विचारतात, आणि बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात. शिक्का ठळक आहे का, होलोग्राम चमकतो का, कागद जाड आहे का, हे बघत बसतात. आजच्या छपाईत हे सगळं करता येतं. कागदावर जो क्रमांक आहे तो ज्याने दिला, त्यालाच विचारा.

नोंदणीसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद, म्हणजे आपण ज्याला मुंबईचं कौन्सिल म्हणतो. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ खाली नर्सची नोंद तिथे असते आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं. पदवीसाठी विद्यापीठाचा परीक्षा विभाग. जीएनएम-एएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. लेखी विचारणा करा, लागेल ते शुल्क भरा, उत्तर फाईलला लावा. पत्ता आणि ईमेल उमेदवाराने दिलेल्या कागदावरून घेऊ नका, संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. बनावट पदवीवर बनावट फोन नंबरही असतो, आणि त्या नंबरवर कुणीतरी अगदी गोड आवाजात "हो, आमचीच विद्यार्थिनी" म्हणतं.

याखेरीज केंद्रीय नोंदवहीतला एनयूआयडी, म्हणजे प्रत्येक नर्सचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक, बघा. डिजिलॉकरमध्ये पदवी उपलब्ध असेल तर उमेदवाराला तुमच्यासमोर तिच्याच मोबाइलवर उघडायला सांगा. पीडीएफ पाठवायला सांगू नका.

टेबलावर बसल्या बसल्या मी आधी तारखा बघायची. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला सुरू झालं १९९८ मध्ये. त्याआधी आपल्याकडची नर्सिंगची पदवी नागपूर विद्यापीठाची असायची. म्हणून १९९५ च्या बीएस्सीवर नाशिकचं नाव दिसलं की पुढे वाचायची गरजच राहत नाही. आपल्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं २००५ मध्ये. २००१ च्या मूळ गुणपत्रिकेवर ते नाव असेल तर ती गुणपत्रिका नंतर छापलेली आहे. दुय्यम प्रत असेल तर ती तशी असल्याचं कागदावर लिहिलेलं असतं. शुश्रूषा मंडळाचा कायदा २०१३ चा, त्यामुळे २००८ चं जीएनएम प्रमाणपत्र त्या मंडळाचं असूच शकत नाही. खोटं बनवणारे अक्षर हुबेहूब उतरवतात, इतिहास मात्र वाचत नाहीत.

विद्यापीठाचंच नाव अनोळखी वाटलं तर विद्यापीठ अनुदान आयोगाची बनावट विद्यापीठांची यादी उघडा. त्या यादीत वर्षानुवर्षे "राजा अरेबिक युनिव्हर्सिटी, नागपूर" अशी नोंद आहे. त्यामुळे बनावट कागद दूरच्या राज्यातूनच येतो असं समजायचं कारण नाही.

कौन्सिलची नोंदणी खरी निघाली. मग पदवी वेगळी तपासायची गरज आहे का?

आहे. जीएनएमची खरी नोंदणी आणि तिला जोडलेली खोटी बीएस्सी, ही जोडी मला सर्वांत जास्त वेळा दिसली. नोंद कोणत्या पात्रतेवर आहे, ते वाचा.

मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडची नोंदणी आहे. नागपूरला चालेल का?

आधीच्या कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन महाराष्ट्रात नोंद करून घ्यावी लागते. अर्ज केला असेल तर "अर्ज केला आहे, पावती सोबत जोडली आहे" असं लिहा. "महाराष्ट्रात नोंदणीकृत" लिहू नका. सीमेपलीकडून आलेल्या मुलींकडे आपले लोक उगाच संशयाने बघतात, ते मला पटत नाही. तपासणी सगळ्यांची सारखी करा, मेडिकल चौकातच वाढलेल्या मुलीचीही.

आमच्या घरी ब्युरोकडून आजीसाठी "सिस्टर" येते. ती खरंच नर्स आहे का, हे विचारणं वाईट दिसेल का?

अजिबात नाही, नक्की विचारा. ब्युरो ज्यांना पाठवतात त्यातल्या पुष्कळ जणी सहा महिने किंवा वर्षभराचा रुग्णसेवा सहायकाचा कोर्स केलेल्या असतात. काहींनी तोही केलेला नसतो, कुठल्याशा हॉस्पिटलात मावशी म्हणून काम केलेलं असतं. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, डायपर, पाठीला जखम होऊ न देणं ही कामं त्या उत्तम करतात, आणि त्या कामाला मान आणि दाम दोन्ही मिळायला हवेत. अडचण येते ती ब्युरो त्यांना "ट्रेन्ड नर्स" म्हणून पाठवतो, नर्सचे पैसे घेतो आणि इंजेक्शनही त्यांच्याच हाती देतो तेव्हा.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली ४० युनिटचीही मिळते आणि १०० युनिटचीही. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने, त्याच रेघेपर्यंत ओढलं तर डोस अडीच पट जातो. आजी रात्री जेवून झोपते आणि सकाळी उठत नाही. ज्या बाईला हे कधी कुणी शिकवलंच नाही तिला दोष कसा द्यायचा? ब्युरोने तिला नर्स म्हटलं, तुम्ही मानलं, आणि ती नोकरीच्या भीतीने "मला येत नाही" म्हणू शकली नाही.

म्हणून ब्युरोला सरळ विचारा: कौन्सिलचा नोंदणी क्रमांक द्या. क्रमांक नसेल तर तिला ठेवा, पण सेवेसाठी. इंजेक्शनला नोंदणीकृत नर्स बोलवा. आणि तिलाही बाजूला घेऊन, प्रेमाने विचारा. ब्युरोचा माणूस समोर नसला की बायका खरं सांगतात.

एखादीला काम उत्तम येतं. मग कागदासाठी एवढं कशाला?

या प्रश्नाला मी पटकन उत्तर देत नाही, कारण मला शिरा शोधायला एका आयाबाईने शिकवलं. सुकलेल्या, पाणी कमी झालेल्या म्हाताऱ्या हातातली शीर बोटाने चाचपून कुठे दाबायची ते तिला माहीत होतं, मला पुस्तकात सापडलं नव्हतं. तिचं ते ज्ञान मी कधीच कमी लेखणार नाही.

पण ती स्वतःला नर्स म्हणवून घेत नव्हती. ती "बघ, इथे आहे" म्हणायची आणि सुई माझ्या हातात द्यायची.

२०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत एक मोठं प्रकरण बाहेर आलं. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० च्या वर बनावट डिप्लोमे विकले होते. घेणाऱ्यांपैकी साधारण २,४०० जणांनी परवान्याची परीक्षा पासही केली. हे वाचून आमच्यातल्याच एका सिस्टरने विचारलं होतं, "परीक्षा पास झाले ना, मग झालं की." नाही झालं. परीक्षेला तुम्ही पर्याय निवडता. वॉर्डातल्या प्रशिक्षणात पहिल्यांदा चुकता तेव्हा मागे ट्यूटर उभी असते आणि ती तुमचा हात धरते. पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल सरळ शिरेत कधीही द्यायची नाही, हे वाक्य पाठ करता येतं. पण रात्री तीनला, चार पेशंट एकदम बिघडलेले असताना हात आपोआप थांबायला हवा, आणि ते थांबणं हजारो तासांच्या पोस्टिंगमधून येतं. खोट्या डिप्लोम्यात नेमके तेच तास नसतात, आणि ते नाहीत हे शेजारच्या सिस्टरला कळायला काही मार्ग नसतो. ड्युटी संपताना पेशंट सोपवते, तेव्हा ती गृहीत धरते की समोरचीला हे माहीत आहे.

तुम्हाला काम येतं आणि कागद नाही, तर कागद मिळवण्याचा रस्ता लांब आहे, पण आहे. एएनएमनंतर जीएनएम, जीएनएमनंतर पोस्ट बेसिक करता येतं. एएनएम होऊन दोन मुलांनंतर जीएनएम केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मी बीएस्सी आहे, पण जीएनएमच्या जागेसाठी अर्ज करताना पदवी लपवली तर? यात तर मी कमीच सांगते आहे.

कमी सांगणं हेही चुकीचं सांगणं होऊ शकतं. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपायाच्या जागेसाठी जाहिरातीत "उमेदवार पदवीधर नसावा" अशी अट होती. एकाने पदवी लपवून अर्ज केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. नर्सिंगच्या जागांना सहसा अशी अट नसते, जास्त शिकलेली चालते. म्हणून लपवायचं कारणच नाही. जाहिरात नीट वाचा आणि सगळं लिहा.

दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा आहे. माझे सातच महिने झालेत. ओळखीच्या डॉक्टरांनी दिला तर?

हे दाखले कशासाठी हवे असतात, ते मला माहीत आहे. नागपूरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर व्हायचं तर नॉरसेट ही एम्सची भरती परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. दुसरी वाट आखाती देशांची, तिथेही अनुभव मागतात. मग वीस खाटांचं हॉस्पिटल दाखल्यावर पन्नास खाटांचं होतं, आणि सात महिने चोवीस होतात.

माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती. वडील नव्हते, धाकटा भाऊ शिकत होता, कर्ज होतं. ती म्हणाली, "मॅडम, तुमची एक सही, माझं आयुष्य मार्गी लागते." मी सही केली नाही. रात्री झोप लागली नाही, हेही खरं. पुढे त्याच वर्षी आखातातल्या एका अर्जासाठी पडताळणी कंपनीचा ईमेल आमच्या ऑफिसला आला, दुसऱ्या एका माजी सिस्टरबद्दल: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, खाटांची संख्या. ही कंपनी उमेदवाराला विचारत नाही, मूळ संस्थेलाच विचारते. दाखला आमच्या रेकॉर्डशी जुळला नाही, आणि आम्हाला तसं लिहावं लागलं. असा प्रतिकूल अहवाल एकदा गेला की तो दुसऱ्या देशाच्या अर्जातही आडवा येऊ शकतो.

सात महिने झाले असतील तर सतरा महिने अजून काढा, आणि काढायचे असतील तर ५० खाटांच्या ठिकाणीच काढा. हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्रावर खाटांचा आकडा असतो, रुजू होण्याआधी तो विचारा. ही एक गोष्ट मुलींना कुणी सांगत नाही, आणि दोन वर्षं वाया गेल्यावर त्यांना कळते.

एका नर्सिंग कॉलेजने इन्स्पेक्शनपुरतं नाव मागितलं आहे. एमएस्सीचं प्रमाणपत्र द्यायचं, एक दिवस जायचं, पैसे मिळतील. यात खोटं काय? पदवी तर माझी खरी आहे.

पदवी खरी, पण "मी इथे शिकवते" हे खोटं. या खोट्याचा फटका सर्वांत लांबवर जातो, म्हणून मी यावर चिडून बोलते, समजून घ्या. तुमच्या नावावर त्या कॉलेजला मान्यता किंवा जागा मिळतात. वर्गात मात्र कुणीच नसतं. तिथून बाहेर पडलेल्या मुलींची गुणपत्रिका खरी असते, फक्त त्यांना शिकवलेलं नसतं. मग त्या मुली आपल्याच वॉर्डात येतात आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलींना काही येत नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशात काय झालं ते वर्तमानपत्रात आलंच आहे. तिथल्या उच्च न्यायालयाने नर्सिंग कॉलेजांना मिळालेल्या मान्यतेची चौकशी सीबीआयकडे दिली, आणि २०२४ च्या मे महिन्यात त्या चौकशीतल्या सीबीआय अधिकाऱ्यालाच लाच घेताना अटक झाली. अभ्यास केलेल्या, फी भरलेल्या मुलामुलींच्या परीक्षा लांबल्या, त्यांची वर्षं गेली.

मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात ठेवू नका, नोकरी देणाऱ्याच्याही नाही. दाखवा, झेरॉक्स द्या, आणि झेरॉक्सवर "फक्त अमुक हॉस्पिटलच्या नोकरीसाठी" असं लिहून तारीख-सही करा. तुमचं नाव तुमच्या नकळत कुठल्या तरी कॉलेजच्या स्टाफच्या यादीत जाऊ नये, यासाठी एवढी खबरदारी हवीच.

पकडलं गेलं तर काय होतं?

नोकरी जाते, हे तर आहेच. बनावट कागद करणं किंवा तो खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात फसवणुकीला कलम ३१८(४), फसवणुकीसाठी बनावट दस्त करण्याला ३३६(३), आणि बनावट दस्त खरा म्हणून वापरण्याला ३४०(२) लागतं. पहिल्या दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वापरणाऱ्याला बनवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. त्याआधीच्या प्रकरणांत जुनं दंडविधान, म्हणजे ४२०, ४६८, ४७१. मेडिकल, मेयो, डागासारख्या शासकीय ठिकाणी शिवाय १९७९ च्या नागरी सेवा शिस्त व अपील नियमांखाली विभागीय चौकशी होते. कौन्सिल चौकशी करून रजिस्टरातून नाव काढू शकतं, आणि मग खरं जीएनएमसुद्धा कामाचं राहत नाही.

हॉस्पिटल म्हणून आम्हीच फसलो असू, तर आमची काय जबाबदारी?

पेशंटला इजा झाली तर "आम्हाला माहीत नव्हतं" हे फारसं टिकत नाही. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हे स्पष्ट केलं. दिल्लीत एका लहान मुलाला नर्सने क्लोरोक्विनचं इंजेक्शन शिरेतून दिलं. मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. पात्रता नसलेल्या व्यक्तीला नर्स म्हणून नेमलं आणि मूल तिच्या हाती सोपवलं, याची जबाबदारी हॉस्पिटलवर आली. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी वेगळे पाच लाख रुपये भरपाई कायम झाली. स्वस्तात मिळते म्हणून बिननोंदणीची मुलगी आयसीयूत उभी करणाऱ्या मालकांनी हा निकाल वाचावा. नागपुरात असं होत नाही असं मी म्हणू शकत नाही.

माझ्या सोबतच्या सिस्टरची पदवी खोटी आहे, हे मला कळलं आहे. मी काय करू?

आधी स्वतःला विचारा, तुम्हाला नेमकं काय माहीत आहे. तिने स्वतः सांगितलं? कागद पाहिला? की नाईट ड्युटीला चहा पिताना ऐकलं? ऐकीव गोष्टीवरून मी एका निर्दोष मुलीची वर्षभर झालेली बदनामी पाहिली आहे. तिचं प्रमाणपत्र माहेरच्या नावावर आणि नोंदणी सासरच्या नावावर होती, एवढंच कारण.

मामला बढाईचा असेल, म्हणजे बॅजवर जास्तीचं अक्षर किंवा पेशंटसमोर "मी स्पेशालिस्ट आहे" वगैरे, तर आधी तिच्याशीच बोला, एकटीला गाठून: "ताई, बॅजवर चुकून बीएस्सी आलंय, बदलून घे ना." "चुकून" हा शब्द मुद्दाम वापरा. त्याने तिला मान राखून मागे फिरता येतं. दहातल्या बऱ्याच जणी बदलून घेतात.

पण नोंदणीच नसेल किंवा कागदच बनावट असेल, तर बोलून मिटवू नका. इन्चार्ज सिस्टरला, तिथे दाद लागली नाही तर मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडंटला लेखी द्या. "अमुक खोटी आहे" असं लिहू नका; "अमुक यांच्या पात्रतेची कौन्सिलकडून पडताळणी व्हावी" असं लिहा, आणि पाहिलं तेवढंच लिहा. पोचपावती ठेवा. हॉस्पिटल दाबून टाकत असेल तर कौन्सिलकडे, आणि शहरातल्या खासगी हॉस्पिटलबाबत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येतं, कारण त्यांची नोंदणी तिथे असते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक ओळही टाकू नका. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्हेतूने केलेली तक्रार हा बदनामीच्या कायद्यात अपवाद आहे, ग्रुपवरची पोस्ट नाही. तिची गुणपत्रिका माहितीच्या अधिकारात मागवायच्या भानगडीतही पडू नका. शोध घेणं हे नोकरी देणाऱ्याचं काम आहे.

तक्रारीनंतर वॉर्डात तुमच्याशी काही जणी बोलणं सोडतील, हे आधीच सांगून ठेवते. मी ते भोगलं आहे. डबा एकटीने खावा लागला. पण त्या काळात माझ्या वॉर्डातल्या पेशंटला इंजेक्शन कोण देतंय, हे मला माहीत होतं.

लग्नानंतर नाव बदललं, कागदांवर दोन नावं आहेत. मला खोटी समजतील का?

विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची जाहिरात फाईलमध्ये सगळ्यांत वर लावा, आणि कौन्सिलमध्येही नाव बदलून घ्या. अर्जात दोन्ही नावं लिहा. विचारण्याआधी तुम्हीच सांगा.

मी फी भरली, दोन वर्षं वर्गात बसले, आणि आता कळतंय की संस्थेला मान्यताच नव्हती. मी खोटारडी आहे का?

नाही. तुम्ही फसवल्या गेला आहात. असे फोन मला सर्वांत जड जातात, कारण पलीकडे बहुधा आईचे दागिने किंवा अर्धा एकर विकलेलं असतं. पण हे कळलं त्या दिवसापासून मात्र तो कागद पुढे करायचा की नाही, हे तुमच्या हातात आहे. त्या कागदावर आता कुठेही अर्ज करू नका. सध्या नोकरीत असाल तर स्वतःहून सांगा आणि सहायक म्हणून ठेवता येईल का ते विचारा. माझ्या ओळखीतल्या दोघींना त्यांच्या डॉक्टरांनी ठेवलं.

फीच्या पावत्या, माहितीपत्रक, एजंटचे मेसेज, बँकेत पैसे भरल्याच्या नोंदी, वर्गातले फोटो, सगळं जपून ठेवा. सोबतच्या मुलींना शोधा, एकत्र जा. ज्या ठाण्याच्या हद्दीत पैसे दिले तिथे फसवणुकीची तक्रार करा. मंडळाला आणि कौन्सिललाही कळवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुली तरी वाचतील. पुन्हा प्रवेश घ्यायचा असेल तर संस्थेचं नाव आधी मंडळाच्या किंवा आरोग्य विद्यापीठाच्या यादीत स्वतः बघा. एजंटने दाखवलेल्या यादीत नको. दूरशिक्षणाने, घरबसल्या जीएनएम करून देतो म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून पाणीही न पिता उठा. जीएनएमचं प्रशिक्षण हॉस्पिटलच्या वॉर्डातच होतं.

बर्डीवरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात तुमच्या सगळ्या कागदांचे दोन संच काढा, एक घरी ठेवा, एक सोबत घ्या. तक्रार लिहिताना शब्द अडले तर तुमच्या इन्चार्ज सिस्टरला मदतीला बसवा. आधी मनात येईल तसं लिहा, तारखा नंतर क्रमाने लावता येतात.